टाकी चकाचक, तरीही मासे का मरतात?

मुलांच्या हट्टापायी घरात फिशटँक येतो. कधी ईदीच्या जमलेल्या पैशांतून, कधी चांगल्या गुणांचे बक्षीस म्हणून. पहिले आठ दिवस सगळे घर त्या काचेभोवती असते. मग एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पाणी घाण झाले असेल, असे अम्मी म्हणते. रविवारी सगळे पाणी मोरीत ओतले जाते, टाकी साबणाने घासली जाते, तळाचे खडे उन्हात वाळवले जातात आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून त्यातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळला जातो. टाकी आरशासारखी चमकते. पण बुधवारपर्यंत उरलेले मासेही जातात आणि टाकी माळ्यावर चढते. मुलाच्या मनात मात्र एक समजूत बसते की आपल्या हाताला मासे लाभत नाहीत.

माझ्या वर्गातल्या मुलामुलींकडून ही हकीकत मी अनेकदा ऐकली आहे. गंमत अशी की अशा घरांत काळजी कमी पडलेली नसते. उलट ती जास्तच घेतलेली असते, फक्त चुकीच्या जागी. माशांच्या टाकीतला फिल्टर नेमके काय काम करतो, हे समजले की अर्ध्याहून अधिक मृत्यू टाळता येतात. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एक साधा स्पंज, एक लहान पंप, दोन बादल्या आणि थोडा सब्र पुरतो.

जी घाण दिसत नाही, तीच मारते

तळाशी साचलेली विष्ठा आणि कुजलेला दाणा आपल्याला दिसतो, म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. पण माशाचा खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. मासा श्वास घेतो त्या कल्ल्यांमधूनच तो अमोनिया बाहेर टाकत असतो. न खाल्लेला दाणा आणि विष्ठा कुजल्यावरही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तलावात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. टाकीतल्या माशाला मात्र जाण्यासाठी दुसरी जागा नसते. ज्या पाण्यात तो हे विष सोडतो, त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यायचा असतो.

पाणी काचेसारखे नितळ असूनही त्यात अमोनिया असू शकतो. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लालसर दिसतात, पंख आखडून ते कोपऱ्यात बसून राहतात. पाणी जितके कोमट आणि अल्कधर्मी, तितका हा अमोनिया अधिक घातक ठरतो. उन्हाळ्यात आणि बोअरच्या पाण्यावर मासे लवकर का दगावतात, याचे एक कारण इथे आहे.

फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे

चहाची गाळणी चोथा अडवते, तसा फिल्टरचा स्पंज कचरा अडवतो, हे खरे. पण ते त्याचे दुय्यम काम आहे. स्पंजच्या बारीक छिद्रांत, सिरॅमिकच्या नळकांड्यांवर आणि तळाच्या खड्यांवर उपयोगी जिवाणूंची वस्ती तयार होते. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात. नायट्राइटही विषारीच आहे. ते माशाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेते आणि रक्त तपकिरी पडते. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात. ते पाणवनस्पती शोषून घेतात आणि उरलेले आपण थोडे पाणी बदलून काढून टाकतो.

नववीच्या विज्ञानात मुले नायट्रोजन चक्र शिकतात. तेच चक्र दिवाणखान्यातल्या दोन फुटी टाकीत चोवीस तास फिरत असते. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास अशा जिवाणूंचे काम उलगडले. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की गोड्या पाण्याच्या फिशटँकमध्ये नायट्राइटवर काम करणारे जिवाणू प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातले असतात.

आता रविवारची धुलाई आठवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. आपल्या पिण्याच्या पाण्यातले रोगजंतू मारण्यासाठीच ते घातलेले असते. त्याच पाण्याखाली स्पंज पिळला की क्लोरीन रोगजंतू आणि उपयोगी जिवाणू असा भेद करत नाही. खडे उन्हात वाळवले की तिथली वस्तीही संपते. टाकी चकाचक होते, पण विष पचवणारे कोणीच उरत नाही. मासे मात्र तेवढेच असतात आणि तेवढाच अमोनिया सोडत राहतात. दोन-तीन दिवसांत पाणी विषारी होते. मासे मरतात ते बहुतेक वेळा या धुलाईमुळे.

पहिले सहा आठवडे

नव्या टाकीत ही वस्ती नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट वाढते, शेवटी तेही उतरते. या काळात बाजारातून एकदम दहा-बारा मासे आणून सोडले तर बहुतेकांचे आयुष्य तिथेच संपते. मुंबईत कुर्ल्याच्या मासळी बाजारात किंवा गावातल्या कोणत्याही दुकानात पिशव्यांमधले रंगीत मासे पाहून मुलांना सगळेच हवे असतात. तिथे मोठ्यांनी ठाम राहायला हवे.

टाकी आधी भरून, फिल्टर लावून तीन-चार दिवस नुसती चालू ठेवा. मग गप्पीसारखे काटक असे दोन-तीनच मासे सोडा. दाणा अगदी थोडा द्या. दर दोन-तीन दिवसांनी एक पंचमांश पाणी बदला. महिन्याभराने सगळे ठीक दिसले तर आणखी दोन-तीन मासे आणा. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याची छोटी किट दुकानात मिळते. दोन्ही शून्य दाखवत असतील तर वस्ती बसली, असे समजा.

एक सोपा उपायही आहे. ओळखीत कोणाकडे वर्ष-दोन वर्षे चांगली चाललेली टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा तुकडा मागून आणा. तो त्यांच्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून घरी आणायचा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. दह्याला विरजण लावावे तसाच हा प्रकार. मात्र त्यांचे मासे निरोगी आहेत, याची खात्री करून घ्या, नाहीतर रोगही सोबत येईल.

कोणता फिल्टर घ्यावा?

प्रथम टाकीत पाणी किती मावते ते काढा. मुलांना हे गणित जरूर करायला लावा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये येते. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी ५४ लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण ४५ लिटर. फिल्टरने तासाला टाकीतले सगळे पाणी चार-पाच वेळा फिरवावे, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. म्हणजे या टाकीला तासाला २०० लिटरच्या आसपास पाणी फिरवणारा फिल्टर पुरे.

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा म्हणजे स्पंज फिल्टर. बाहेरचा हवेचा पंप नळीतून हवा सोडतो, बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजमधून ओढले जाते. बुडबुड्यांनी पाणी हलते आणि ऑक्सिजनही मिसळतो. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. लहान पिल्लेही यात ओढली जात नाहीत. दुसरा प्रकार आत काचेला चिकटवायचा मोटरचा फिल्टर. तिसरा टाकीच्या कडेला किंवा वर बसणारा, ज्यातून पाणी पडते. चौथा मोठ्या टाक्यांसाठीचा, खाली कपाटात ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर. दोन फुटी टाकीला पहिल्या तिन्हींपैकी कोणताही चालतो.

विकत घेताना फिल्टरच्या आत काय भरले आहे ते पाहा. स्पंज आणि सिरॅमिकची नळकांडी ही कायमची वस्तू आहे. काळा कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, पाण्यातला पिवळेपणा, वास आणि औषधाचे अंश शोषतो, पण तीन-चार आठवड्यांत त्याची ताकद संपते. तो रोजच्या वापरासाठी आवश्यक नाही. यूव्ही दिवा पाणी हिरवे होण्यावर उपाय आहे, अमोनियावर नाही.

आणि गोल काचेचा बाऊल? त्यात फिल्टर बसत नाही, पाणी थोडे असते आणि बहुधा गोल्डफिशच ठेवला जातो, जो भरपूर घाण करणारा मासा आहे. गोल्डफिश वाढला की वीतभर होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षे जगला. आपल्याकडे तो चार महिन्यांत जातो आणि आपण म्हणतो, या माशांचे आयुष्यच तेवढे. तसे नाही.

नळ, बोअर की आरओ?

आठवड्यातून एकदा चतुर्थांश पाणी बदलणे पुरेसे असते. ४५ लिटर पाण्याच्या टाकीतून १० ते १२ लिटर, म्हणजे एक बादलीदेखील नाही. पाणीटंचाईच्या गावांतही हे जमते. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असते, कुंडीतल्या पुदिन्याला आणि गुलाबाला ते खतासारखे लागू पडते.

नळाचे पाणी थेट टाकीत ओतू नये. पाण्यातले क्लोरीन माशाचे कल्ले जाळते. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी एक दिवस उघडे ठेवले, त्यात हवेची नळी सोडली, तर साधे क्लोरीन उडून जाते. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात, ते असे उडत नाही. म्हणून दुकानात मिळणारे ॲन्टी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालणे अधिक खात्रीचे.

बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात क्लोरीन नसते आणि गप्पी, मॉलीसारखे मासे त्यात चांगले राहतात. मात्र काचेवर आणि मोटरवर पांढरा क्षार चढतो. आरओचे पाणी शुद्ध म्हणून माशांसाठी उत्तम, अशी समजूत आहे. पण आरओमध्ये क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि माशांना ते थोडे लागतात. नुसते आरओचे पाणी भरू नये, फार जड पाणी सौम्य करण्यासाठी ते मिसळावे.

तापमानाकडेही लक्ष हवे. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी हाताला चटका देते. ते रात्री बादलीत भरून ठेवा आणि सकाळी घाला. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट किंवा गार हवे.

फिल्टर धुण्याची रीत

फिल्टरमधून येणारी धार बारीक झाली किंवा बुडबुडे मंदावले की तो धुवायचा. साधारण दोन ते चार आठवड्यांनी ही वेळ येते. रीत अशी :

आधी विजेचा प्लग काढा, मगच हात पाण्यात घाला. नळीने, म्हणजे सायफनने, टाकीतले पाणी बादलीत काढा. नळीचे टोक खड्यांत फिरवा, म्हणजे तळाची विष्ठा पाण्याबरोबर वर येईल. आता त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीन वेळा हलका पिळा. पाणी काळपट होईल, होऊ द्या. स्पंज थोडा मळकट राहिला तरी हरकत नाही, तो मळकटपणा म्हणजेच वस्ती आहे. सिरॅमिकची नळकांडी याच पाण्यात नुसती हलवून काढा. साबण, निरमा किंवा भांड्यांचे लिक्विड जवळपासही येऊ देऊ नका. हातालाही साबण किंवा क्रीम नको.

फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा, दुसरा पंधरा दिवसांनी. स्पंज फाटला आणि नवा आणायचा झाला तर जुना महिनाभर नव्याच्या शेजारी राहू द्या. ज्या दिवशी फिल्टर धुवाल, त्या दिवशी जास्त पाणी बदलू नका. मोटरच्या आत एक छोटी फिरकी असते. ती महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने साफ करा. क्षार चढला असेल तर फिरकी सिरक्यात भिजवून, भरपूर पाण्याने धुऊन मगच बसवा.

बटण बंद करू नका

अनेक घरांत रात्री निजताना आवाज होतो म्हणून किंवा वीज वाचावी म्हणून फिल्टर बंद करतात. पण उपयोगी जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातून मिळतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांतच ते गुदमरू लागतात. खर्चाचा हिशेब करा : ५ वॅटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला ०.१२ युनिट, महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. एवढ्यासाठी रोज रात्री वस्ती धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

ईदला किंवा लग्नाला गावी जाताना आपण मेन स्विच बंद करतो. टाकीचा प्लग त्यातून वेगळा राहील, याची सोय आधीच करून ठेवा. निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस दाण्याशिवाय सहज राहतात. शेजारच्या लहान मुलाच्या हाती दाण्याचा डबा देऊन जाऊ नका. प्रेमापोटी तो मूठभर टाकेल आणि परत येईपर्यंत पाणी सडलेले असेल.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीच्या छोट्या पंपावर हवा चालू ठेवा. तेही नसेल तर तांब्याने टाकीतलेच पाणी उचलून अधूनमधून उंचावरून ओता. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर आतले साचलेले पाणी टाकून, स्पंज टाकीच्या पाण्यात विसळूनच तो पुन्हा सुरू करा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. वायर सॉकेटच्या खालून वळण घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटमध्ये शिरणार नाहीत.

फिल्टरवरचा भार कमी ठेवा

कितीही चांगला फिल्टर एका मर्यादेपर्यंतच विष पचवतो. दोन मिनिटांत संपेल एवढाच दाणा द्या, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मासा आपल्याकडे पाहून काचेशी येतो तो दर वेळी भुकेने नव्हे, सवयीने. दादीने एकदा, अब्बूंनी एकदा आणि मुलांनी तीनदा दाणा टाकला, असे होऊ नये. घरात एकच जण ठरवा.

काच साफ करतो म्हणून दुकानदार सकर मासा देतो. तो शेवाळ खातो, पण विष्ठाही भरपूर टाकतो आणि फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. तो फिल्टरची जागा घेत नाही. मोठा झाला म्हणून तो नदीत किंवा तलावात सोडू नका. तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. दुकानदाराला परत द्या.

मासा आजारी दिसला की अनेकजण टाकीत निळे औषध ओततात. हे औषध फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकते. आजारी मासा वेगळ्या भांड्यात, हवेची नळी लावून ठेवा आणि औषध तिथे द्या. मासे सुस्त दिसले तर औषधाआधी पाणी तपासा. बहुतेक वेळा दुखणे पाण्यातच असते.

मुलांच्या हाती द्यावे असे काम

मांजर बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहानपणीच सांगितली जाते. ज्या जिवाला आपण कोंडले, त्याच्या जगण्याचा हिशेब आपल्याकडे असतो, हे मुलांना तिथून कळते. टाकीतल्या माशाला तोंड नाही आणि पळून जायला वाटही नाही. दाणा टाकणे हा त्याचा अर्धाच हक्क झाला. उरलेला अर्धा हक्क त्याच्या पाण्याचा.

हे काम मुलांना जमण्यासारखे आहे. टाकीशेजारी एक कागद चिकटवा. रोज सकाळी : मासे मोजायचे, फिल्टरची धार पाहायची, दाणा द्यायचा. शनिवारी रात्री : बादलीत पाणी भरून ठेवायचे. रविवारी : चतुर्थांश पाणी बदलायचे आणि तारीख लिहायची. महिन्यातून एकदा : मोठ्यांच्या मदतीने, टाकीच्याच पाण्यात फिल्टर विसळायचा. प्लग काढण्याचे आणि लावण्याचे काम मात्र नेहमी मोठ्यांनीच करायचे.

सहा महिन्यांनी त्या कागदावर पंचवीस-सव्वीस रविवार जमलेले असतील. काचेला कदाचित थोडे शेवाळ असेल, स्पंज तपकिरी असेल आणि पाहुण्यांना टाकी दुकानातल्यासारखी चकचकीत वाटणार नाही. पण मासे तेच असतील, बोटभर वाढलेले, आणि मुलाने त्यांना नावेही दिलेली असतील.